पक्षी जवळ येतच नाहीत: खाजणातल्या फोटोंसाठी मदत हवी

ओलीमाती (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं घराजवळच्या झाडांवरचे पक्षी टिपले, आज पहिल्यांदा खाडीकाठी गेले. उरण तालुक्यातल्या एका खाजणाचा बांध आहे. पश्चिमेला खाडीचा उघडा चिखल, पूर्वेला आत अडवलेलं पाणी. सकाळी साडेसातला पोचले तेव्हा समोर शेकाटे, टिवळे, तुतारी, बगळे सगळेच होते. लांबवर गुलाबी रेघ दिसत होती, ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. हातात १५०-६०० ची लेन्स. साडेदहापर्यंत बाराशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर ठेवावेत असे चारसुद्धा नाहीत. पक्षी ठिपक्याएवढे, कडा विरघळल्यासारख्या, बगळे म्हणजे नुसते पांढरे डाग.

मी बांधावरून दहा पावलं पुढे गेले की ते वीस पावलं मागे जायचे. शेवटी शेवटी तर सगळा थवा पार पाण्याच्या कडेला जाऊन बसला. फार वाईट वाटलं. जवळ जायचं कसं? की भाड्याने आणखी मोठी लेन्स घेऊ?

निळाखंड्या (रविवार, रात्री १०:०२)

लेन्सवर पैसे घालवू नका. कडा विरघळलेल्या दिसतात त्या लेन्समुळे नव्हे. उघड्या चिखलावर ऊन पडलं की नऊनंतर हवा थरथरायला लागते. तापलेल्या रस्त्यावर लांबचं पाणी हलल्यासारखं दिसतं ना, तेच. तुमच्यात आणि पक्ष्यात शंभर मीटर थरथरती हवा असेल तर ६०० काय नि ८०० काय, पीस न् पीस वेगळं दिसणारच नाही. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे चित्र मोठं करणारं जोडभिंग, लावलात तर ती थरथर आणखी मोठी होऊन येईल. अंतर कमी होणं हाच इलाज.

बगळ्यांचं कारण वेगळं आहे. ओला चिखल काळपट असतो. कॅमेरा तो चिखल मोजतो, चित्र उजळवतो आणि त्या नादात पांढरा बगळा जळून जातो. माझी पद्धत अशी: पूर्ण मॅन्युअल, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे. उन्हात उभा असलेला बगळा धरायचा, त्याच्या पाठीवरची पिसं वेगवेगळी दिसतील इतकं एक्सपोजर खाली आणायचं आणि मग हात लावायचा नाही. ऊन वर आल्यावर साधारण एफ ६.३, आयएसओ ४००, शटर १/३२०० च्या आसपास बसतं. कोवळ्या उन्हात आयएसओ वाढवावा लागेल. फायदा असा की पक्षी चिखलावरून उडून आकाशासमोर गेला तरी त्याच्यावरचं ऊन तेच असतं, त्यामुळे आकडे बदलावे लागत नाहीत. ऑटोवर असाल तर तेवढ्यात तो काळा पडतो.

आणि बांधावर उभं राहून काढलेत ना? मग पक्ष्याच्या मागे चिखलच येणार. खाली बसा, जमलं तर आडवे व्हा. लेन्स त्याच्या डोळ्याच्या रेषेत आली की मागचं पाणी पार वितळून जातं.

पाऊलवाट (रविवार, रात्री १०:४०)

धागा छान आहे. आम्ही तिघे जातो तेव्हा एक जण पलीकडून टाळ्या वाजवत येतो, दोघं कॅमेरे लावून तयार असतात. थवा डोक्यावरूनच जातो. उडतानाचे फोटो हवे असतील तर हा सोपा मार्ग आहे.

खारपाट (सोमवार, सकाळी ६:५०)

ओलीमातीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. पक्षी तुम्हाला भिऊन मागे गेले ते थोडंच, खरं तर ते पाण्यामागे गेले. काल शुद्ध षष्ठी होती. तिथीची पाऊणपट करा: सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे भरती पहाटे साडेचारला होऊन गेली. तुम्ही साडेसातला पोचलात तेव्हा पाणी उतरत होतं, पुरती ओहोटी साडेदहा-पावणेअकराला. तुम्ही बसलात तो सगळा वेळ पाणी तुमच्यापासून लांब जात होतं. या पक्ष्यांना खायला लागतं ते पाणी नुकतंच सरकलेल्या मऊ चिखलात, म्हणून तेही पाण्याच्या काठाकाठाने लांब गेले.

आमच्याकडे जाळं टाकणारा, निवट्या (चिखलातले मासे) धरणारा प्रत्येक जण हा हिशेब तोंडपाठ ठेवतो. प्रतिपदा ते पौर्णिमा किंवा अमावास्या, जी तिथी असेल तिची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दिवसातून दोनदा, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. पुढच्या रविवारी त्रयोदशी आहे. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी साडेसहाला बांधाच्या पायथ्याशी जाऊन बसा आणि जागचे हलू नका. पाणी चढत येईल आणि पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणील. पौर्णिमा जवळ म्हणजे उधाणही जवळ, पाणी चांगलं वर चढतं. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही नि फार उतरतही नाही. त्या दिवसांत खाडीवर फोटोसाठी यायचे कष्ट घेऊ नका असं मी सांगेन.

खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते हे लक्षात ठेवा. छापील कोष्टकही बघा, पाऊणपट हा अंदाज आहे. पण मोबाइलची रेंज नसताना तोच उपयोगी पडतो.

दुर्बीण (सोमवार, सकाळी ९:१५)

खारपाटदादांनी नेमकं सांगितलं.

पाऊलवाट, तुम्हाला मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चांगल्या मनाने फोटो काढणारेही हे करतात. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली जातो. खाण्याची जागाच नसते, म्हणून हे पक्षी खाजणात, मिठागरात, तळ्यांवर येऊन थांबतात. एका पायावर उभे, चोच पाठीत खुपसलेली. ती त्यांची झोप. पाणी उतरलं की रात्र असो वा दिवस, त्यांना पुन्हा खायला जायचं असतं. त्या दोन-तीन तासांत आपण त्यांना चार वेळा उडवलं तर खाल्लेलं तिथेच जळून जातं.

आणि आता फाल्गुन तोंडावर आलाय. परतीची तयारी सुरू आहे. छोटा टिलवा आपल्या मुठीत मावेल एवढा, वजन वीस ते तीस ग्रॅमच्या घरात. तो इथून निघून थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात अंडी घालायला जातो. अंगावर चढवलेली चरबी हीच त्याची शिदोरी. पाणटिवळ्यांच्या कुळातला एक पट्टेरी शेपटीचा पक्षी २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर कुठेही न उतरता उडाला, अकरा दिवस. त्याच्या पाठीवर यंत्र होतं म्हणून कळलं. हे सगळं बळ चिखलातल्या किड्यांतून आणि शांत झोपेतून येतं. टाळ्या वाजवू नका, कळकळीने सांगते.

उडतानाचे फोटो हवेत ना? पाणी चढताना थवे आपणहून एका चिखलावरून दुसऱ्यावर उडतात. त्या वाटेत बसा, पुष्कळ मिळतील. शिवाय दलदली भोवत्यासारखा शिकारी पक्षी वरून गेला तर सगळा थवा एका वेळी उठतो. ते बघायला भाग्य लागतं, पण मिळतं.

पाऊलवाट (सोमवार, दुपारी १:२०)

दुर्बीणताई, ती त्यांची झोप असते हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकतो. यापुढे नाही करणार.

तिवर (सोमवार, रात्री ८:३०)

ओलीमाती, फोटोंच्या आधी एक सांगायचंय. बांध सोडून चिखलात उतरू नका. तीन वर्षांपूर्वी पाणटिवळ्यांचा थवा अगदी समोर होता म्हणून मी दहा-बारा पावलं आत गेलो. वरून कोरडा वाटणारा चिखल, खाली छोटा नाला होता. उजवा पाय मांडीपर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावा गेला. कॅमेरा डोक्यावर धरून उभा. भरती सुरू झालेली आणि नाल्यात पाणी येताना दिसत होतं. ओरडायलासुद्धा सुचेना. निवट्या धरायला आलेल्या दोघांनी पाहिलं. त्यांनी जवळचा बांबू आडवा टाकला, मला त्यावर छातीने झोपायला लावलं आणि एक पाय हळूहळू, इकडेतिकडे हलवत, सैल करत काढला. घाईने ओढायचा नाही म्हणाले, ओढला की चिखल जास्त धरतो. बूट अजून तिथेच आहे.

नंतर त्यांच्याकडूनच शिकलो: जिथे तिवराची श्वसनमुळं वर आलेली असतात तिथे जमीन त्यातल्या त्यात टणक. जिथे गुळगुळीत, चकाकणारा, एकही मूळ नसलेला पट्टा दिसतो तिथे पाय ठेवायचा नाही. अनवाणीही जायचं नाही, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा आणि लेन्स ओलसर फडक्याने पुसा. खार आत शिरला की सांधे धरतात.

मांडवीकाठ (मंगळवार, सकाळी ११:०५)

गोव्यातून लिहितोय. रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलं की समोरच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. इथे पक्ष्यांइतकाच वेळ मी खालच्या चिखलाला देतो. ओलीमातीताई, पुढच्या वेळी पक्षी लांब असले तर कॅमेरा खाली वळवा. निवटी हा मासा असून चिखलावर चालतो, छातीच्या परांवर रेलून पुढे सरकतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडतात, तोंड उघडतात. मधूनच एक डोळा खोबणीत ओढून ओला करून पुन्हा बाहेर काढतात. त्याचा फोटो मला चार महिन्यांनी मिळाला. एक नांगी भली मोठी असलेले खेकडे असतात, त्यांतले नर बिळाच्या तोंडाशी उभे राहून ती नांगी हलवत माद्यांना बोलावतात. आपली सावली पडली की सगळे एका क्षणात बिळात. पाच मिनिटं गप्प बसलं की एकेक करून परत येतात.

ऊद, म्हणजे पाणमांजरं, मात्र पहाटेच. मला त्यांची ओल्या चिखलातली पावलं पुष्कळदा दिसली, ते स्वतः दोनदाच.

निळाखंड्या (मंगळवार, रात्री ९:४५)

मांडवीकाठ, डोळा आत ओढलेल्या निवटीचा फोटो इथे टाकाच.

दिशेबद्दल राहिलं होतं. ठाणे खाडी दक्षिणोत्तर आहे. भांडुप आणि शिवडी पश्चिम काठावर, म्हणजे तिथून खाडीकडे बघताना सकाळचा सूर्य डोळ्यांत येतो. तिथे दुपारनंतर जायचं. ऐरोली पूर्व काठावर, तिथे सकाळ चांगली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तीही भरतीच्या वेळा बघूनच सोडतात. हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, हा दर्जाही मिळाला. ड्रोनचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो तिथे अजिबात चालत नाही, आणि चालू नयेच. रोहित ड्रोनला शिकारी पक्ष्याइतकेच घाबरतात.

रोहितांचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा पाठी आणि माना, कारण डोकं सतत पाण्यात उलटं. चोच उलटी धरून पाणी गाळून खातात. त्यांना पायाने चिखल ढवळताना बघा. एका जागी गोल गोल फिरतात, मग थांबून डोकं वर काढतात. तो एक क्षण धरायचा. चोच गडद लालसर-काळी असेल तर लहान रोहित, गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा. राखाडी-तपकिरी दिसणारी पिल्लं असतात त्यांचेही फोटो काढा. लोक गुलाबीच्या मागे लागून त्यांना सोडून देतात, पण किती पिल्लं आली यावरून विणीचा हंगाम कसा गेला ते कळतं.

नॉरिचकर (बुधवार, पहाटे ३:१५)

मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर असते. इथे वॉश नावाचा मोठा आखात आहे, काठावर स्नेटिशॅम. मोठ्या उधाणाला सगळा चिखल पाण्याखाली गेला की हजारो नॉट पक्षी एकदम उठतात आणि मागच्या तळ्यांच्या काठावर उतरतात. लोक वर्षाचं भरतीचं कोष्टक बघून सुट्ट्या ठरवतात. तळ्यांवर लाकडी आडोसे आहेत, आत बसायचं, फटीतून बघायचं. पक्ष्यांना माणूस दिसतच नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अलिबागचे माझे मामा तिथीवरून भरती सांगायचे ते आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. खारपाटदादांचा प्रतिसाद वाचून आज पुन्हा तसंच झालं. आपल्याकडे पाणथळींवर असे साधे आडोसे व्हायला हवेत, बांबू आणि झापांचेसुद्धा चालतील.

खारपाट (बुधवार, सकाळी ७:०५)

नॉरिचकरताई, तुमच्या मामांना नमस्कार सांगा.

आडोशाचं खरं आहे, पण आधी पाणथळ राहायला हवी. आमच्या लहानपणी बांधाला उघाड्या होत्या. भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं, नको तेव्हा फळी टाकायची. आता कितीतरी ठिकाणी भराव पडला, उघाड्या बुजल्या. पाणी आत येणं थांबलं की दोन पावसाळ्यांत गवत माजतं, आणि गवत माजलं की हे पक्षी उतरत नाहीत, त्यांना लांबवरचं मोकळं दिसावं लागतं. तुम्ही फोटो काढता तेव्हा पक्ष्याबरोबर जागेचाही एक काढून ठेवा. बांध, उघाडी, पाणी कुठवर आलंय ते, तारखेसकट. दहा वर्षांनी इथे पाणी होतं का असं कोणी विचारलं तर दाखवायला राहील.

दुर्बीण (बुधवार, सकाळी १०:३०)

खारपाटदादा, हे अगदी पटलं. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. आम्ही बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) लोकांबरोबर मोजायला जातो. मोजणीच्या वेळी जागेचा फोटो काढायची सवय लावून घेतली, त्याचा फार उपयोग होतो.

आणखी एक विनंती. एप्रिलपासून मिठागरांत आणि कोरड्या बांधांवर शेकाटे आणि टिटव्या अंडी घालतात, उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून जाणारी. शेकाट्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला तर तुम्ही घरट्याजवळ आहात असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा. तो ओरडतोय तोवर अंडी उन्हात पडलेली असतात. तेव्हा काढलेल्या फोटोचं कौतुक आम्ही इथे करणार नाही. जागेचं नाव, नकाशावरची खूण हेही टाकू नका.

ओलीमाती (पुढचा रविवार, रात्री ८:२०)

जाऊन आले! सगळ्यांचे खूप खूप आभार. सविस्तर लिहिते.

साडेसहाला पोचले. अंधुक होतं, बांधाच्या टोकाला एक कोल्हा उभा होता. माझ्याकडे बघितलं आणि तिवरांत शिरला. फोटो नाही, प्रकाशच नव्हता. बांधाच्या पायथ्याशी चटई टाकली, अंगावर आईची जुनी खाकी चादर, लेन्स तांदळाच्या पिशवीवर टेकवलेली. पाणी लांब होतं. पहिला पाऊण तास काहीच झालं नाही आणि मला तिथून उठून पुढे जावंसं वाटत होतं, ते खरं सांगते.

मग चिखलातल्या बारीक नाल्यांत पाणी दिसायला लागलं. आवाज नाही, नुसती चकाकी पुढे सरकत होती. आधी लाल पायांचे टिवळे आले. त्यांचं मान वरखाली झटकणं सुरू झालं की मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे. त्यातला एक ओरडला असता तर सगळे गेले असते. नाही ओरडला. आठच्या सुमारास शेकाटे वीस फुटांवर. पाण्यात त्यांची लाल तंगडी आणि खाली तिचं प्रतिबिंब, चार काड्या रोवल्यासारखी. निळाखंड्या, तुम्ही म्हणालात तसं मॅन्युअल ठेवलं. पंखांचा काळा आणि पोटाचा पांढरा, दोन्ही आले.

आणि मग छोटे टिलवे. सात होते. पाण्याच्या कडेने धावत, चार-पाच टोचे मारत, पुन्हा धावत. एक त्यांच्यापासून सुटला आणि सरळ माझ्याकडे आला. लेन्स फोकसच करीना, इतका जवळ. आठ फूट, मग सहा. मी कॅमेऱ्यातून डोळा काढला. चोचीच्या टोकाला चिखलाचा थेंब लटकत होता. पाठीवरच्या दोन-तीन पिसांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या, बाकी सगळा अजून राखाडी. त्याने माझ्या चादरीच्या कडेपाशी एक टोचा मारला, काहीतरी उचललं आणि मागे धावत गेला. दुर्बीणताई, तुम्ही लिहिलेले वीस ग्रॅम आठवले. त्याचा फोटो माझ्याकडे नाही.

खारपाटदादा, तुम्ही पावणेदहा म्हणालात, पाणी चटईला लागलं तेव्हा दहाला पाच कमी होते. मी हळूच मागे बांधावर सरकले, तोवर सगळे पक्षी माझ्या डोक्यावरून आतल्या पाण्यावर जाऊन उतरले. आपणहून.

एकूण ३१० फोटो, त्यांतले बावीस ठेवले. एक प्रश्न आहे. शेवटून तिसऱ्या फोटोत एका छोट्या चिखल्या पक्ष्याच्या पायावर रंगीत पट्टी दिसते. त्यावर काहीतरी लिहिलंय.

दुर्बीण (रविवार, रात्री ९:०५)

ओलीमाती, वाचताना मीच तिथे बसले होते असं वाटलं.

पट्टीचा मूळ फोटो न कापता मला निरोपातून पाठवा. कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, दोन पट्ट्या असतील तर वरची कोणत्या रंगाची आणि खालची कोणत्या, आणि अक्षरं. दुसऱ्या पायात धातूचं कडं आहे का तेही बघा. रंगांच्या क्रमावरून कोणत्या देशात पट्टी घातली ते कळतं, अक्षरांवरून नेमका कोणता पक्षी. बीएनएचएसला कळवू.

ओलीमाती (रविवार, रात्री ९:५०)

पाठवला. उजवा पाय, गुडघ्याच्या वर, एकच पट्टी दिसते. पहिली दोन अक्षरं नीट वाचता येतात, तिसऱ्यावर चिखल आहे. दुसरा पाय पाण्यात.

खारपाट (रविवार, रात्री १०:१५)

पुढच्या रविवारी वद्य पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. चारच्या आत सगळे आतल्या पाण्यावर येऊन थांबतील, आणि दुपारचं ऊन तुमच्या पाठीशी असेल, कारण तेव्हा तोंड पूर्वेला करून बसायचं. हे चिखले बऱ्याचदा त्याच जागी परत येतात. पाण्यात उभे राहिले की पाय धुऊन निघतात, तिसरं अक्षर दिसेल. मी तीनला उघाडीपाशी असतो. चटई आणू नका, माझ्याकडे दोन आहेत.